आपला आवाज दुखत नाही

अलाहाबाद युनिव्हर्सिटीत एक सेंटर आहे, सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस, २००२ साली सुरू झालेलं, सगळे नुसतं सीबीसीएस म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं बंद खोली असेल, कॉम्प्युटरचा स्क्रीन, डोक्याला वायरी लावून बसलेला कुणीतरी स्टुडंट. तसलं काम तिथे भरपूर चालतंच, लक्ष कसं वेधलं जातं, नजर कुठे वळते वगैरे. पण मी त्यांच्या नादी लागले ते वेगळ्याच कामामुळे. तिथली मंडळी थंडीच्या दिवसांत संगमाच्या वाळूवर गेली, माघ मेळ्यात महिनाभर तंबूत राहणाऱ्या माणसांशेजारी बसली आणि त्यांना विचारलं की हे कर्णे दिवसरात्र चाललेत, त्याचा तुम्हाला त्रास नाही का होत.

तर लोकांचं म्हणणं काय, की इथे किती शांत वाटतं!

मला हे वाचून हसूच आलं, कारण साधारण असंच उत्तर मी दर वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात ऐकते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, नाशिकला. लोकांच्या भाषेत कान तपासणाऱ्या मॅडम. साउंडप्रूफ केबिनमध्ये पेशंटला बसवायचं, हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं की अगदी बारीक जरी ऐकू आलं तरी दाबा. दिवसभर हेच काम. त्यामुळे आवाज म्हणजे डेसिबल (किती मोठा) आणि हर्ट्झ (सूर किती उंच) असं माझं डोकं तयार झालेलं, आणि या लोकांनी त्या डोक्यातच खोडा घातला.

आधी मेळ्याचं सांगते, कारण आपल्याकडे कुंभ सगळ्यांना माहीत असतो पण माघ मेळा तेवढा नाही. तो प्रयागला दर वर्षी भरतो, पौष पौर्णिमेपासून साधारण महिनाभर. कुंभ आला की तोच मेळा अवाढव्य होतो एवढंच. येणारे-जाणारे लाखो, पण खरे मुक्कामी म्हणजे कल्पवासी. बहुतेक गावाकडचे, उतारवयातले, पोरंबाळं मार्गी लागलेली. वाळूवर तंबू, जमिनीवर झोपायचं, पहाटे अंधारात गंगेत बुडी मारायची, एकवेळ जेवायचं, तंबूच्या दाराशी तुळस लावायची आणि जव पेरायचे. पारा कधीकधी चार-पाच डिग्रीपर्यंत खाली. आणि या सगळ्यावर कर्ण्यांचं छप्पर. प्रत्येक शिबिराचा आपला कर्णा, एकावर प्रवचन, दुसऱ्यावर भजन, तिसऱ्यावर रामकथा, शेजारच्याचं ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येकाने आपला जरा जास्तच चढवलेला. मधूनच हरवलेल्यांच्या घोषणा. त्या भूले-भटके शिबिराची गोष्ट मला फार आवडते, राजाराम तिवारी म्हणून एका माणसाने १९४६ मध्ये ते सुरू केलं आणि पुढे सत्तर वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तेच काम केलं. कुणाची आजी हरवली, कुणाचा सासरा, कुणाची चार वर्षांची पोर, सगळ्यांची नावं कर्ण्यावरून. तिथला तोही आवाजच, पण तो बंद करा म्हणायची कुणाची छाती होईल?

तर सीबीसीएसचे जनक पांडे आणि नारायणन श्रीनिवासन, त्यांच्याबरोबर शैल शंकर आणि बरेच जण, आणि स्कॉटलंडमधून निक हॉपकिन्स आणि स्टीफन रायकर, अशी ही टीम. स्कॉटलंडच्या माणसांना प्रयागच्या थंडीत काय पडलं होतं असं वाटेल, पण रायकरचं सगळं आयुष्य गर्दीवर काम करण्यात गेलंय. १८९५ साली ल बाँ नावाच्या फ्रेंच माणसाने लिहून ठेवलं की गर्दीत शिरला की माणसाची अक्कल गहाण पडते, आणि पोलिसांपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे अजून तेच धरून बसलेत. रायकरने १९८० च्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या दंगलीचा अभ्यास करून दाखवलं की दंगलीतली गर्दीसुद्धा वाट्टेल ते करत नाही, काय फोडायचं आणि काय सोडायचं हे ‘आपण कोण’ यावरून ठरतं. आता ही थिअरी दंगलीपुरती आहे की भक्तीच्या गर्दीलाही लागू पडते, हे बघायला प्रयागपेक्षा चांगली जागा मिळणार कुठे.

मुलाखतींमधून एक गोष्ट दिसली, की लोकांना सगळाच आवाज गोड लागत नव्हता. भजन, प्रवचन, मंत्र, हे कितीही मोठ्याने चालू असलं तरी चालतंय. पण मेळ्याशी नातं नसलेला आवाज, कुणी सिनेमाची गाणी लावली, गाड्यांचे हॉर्न, तो मात्र खटकायचा. आता मुलाखतीत माणूस काहीही बोलतो, धार्मिक ठिकाणी बसून कोण म्हणणार की भजनाने डोकं उठलंय! म्हणून त्यांनी पुढे प्रयोग केला, आणि तो इतका साधा आहे की मला जळायला झालं. एक आवाजाची क्लिप घ्यायची, मोठ्या गोंगाटाची, नेमकं काय चाललंय ते कळू नये अशी. काही जणांना सांगायचं की हा मेळ्यातला आवाज आहे. बाकीच्यांना सांगायचं की हा शहरातल्या गजबजलेल्या रस्त्याचा आवाज आहे. क्लिप तीच, व्हॉल्यूम तोच. आणि मग बघायचं कसा वाटतो आणि किती वेळ ऐकवतो. ज्यांना ‘मेळा’ सांगितलं त्यांना तोच गोंगाट बरा वाटला आणि ते तो जास्त वेळ ऐकत बसले. २०१३ साली हे रिसर्च पेपर म्हणून छापून आलं.

‘जास्त वेळ ऐकत बसले’ ह्या तीन-चार शब्दांवर मी अडकले ती अडकलेच.

कारण त्यांच्यासाठी हे मोजमाप आहे, माणसाला किती बरं वाटतंय याचं. स्टॉपवॉच लावलं, आकडा आला, काम झालं. माझ्या धंद्यात मात्र वेळ म्हणजे डोस. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काढले तर ठीक, त्याच्या वर गेलात की दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा असा हिशेब असतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि शंभराला फक्त पंधरा मिनिटं. पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं मीटर घेऊन आवाज मोजतात, त्यांचे आकडे शंभराच्या आसपास जातात, आणि पथकातला मुलगा तिथे पंधरा मिनिटं नसतो हो, सकाळपासून रात्रीपर्यंत असतो. ढोल तर त्याच्या कमरेलाच बांधलेला. त्याच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी रोज संध्याकाळी सराव चालतो तो वेगळाच.

असा एक मुलगा परवाच्या सीझनला आला होता. आईने ओढत आणलेला, कारण हाक मारली तर ऐकत नाही. (हे वीस वर्षांच्या सगळ्याच मुलांना लागू आहे, पण ते असो.) कानात रात्री शूं आवाज येतो म्हणाला. केबिनमध्ये बसवला. २५० हर्ट्झ, ५००, १०००, २००० पर्यंत एकदम फर्स्ट क्लास, बारीकातला बारीक आवाज पकडत होता, बटण टकाटक. ३००० ला जरा थांबला. ४००० ला मी आवाज वाढवतेय, वाढवतेय, काचेतून त्याच्याकडे बघतेय, आणि तो आपला शांतपणे समोरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचतोय. माझ्या कानाला तो सूर माझ्या बाजूने स्वच्छ येत होता. ८००० ला परत बटण दाबलं. कागदावर (त्याला ऑडिओग्राम म्हणतात) रेघ सरळ चालत येते, चार हजाराला खड्ड्यात पडते आणि पुन्हा वर येते. हा खड्डा दिसला की पहिला संशय आवाजावरच जातो. कारखान्यातल्या प्रेस शॉपमधली माणसं रिटायरमेंटच्या सुमारास असा कागद घेऊन जातात, हा वीस वर्षांचा.

त्याला समजावलं. आतल्या कानात बारीक केसासारख्या पेशी असतात, मोठा आवाज झाला की त्या वाऱ्याने ज्वारी आडवी पडावी तशा पडतात, एक-दोनदा पुन्हा उभ्या राहतात, पण रोज तेच झालं की मग नाही उठत, आणि नवीन येत नाहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम पण ढोलाचा कसा त्रास होईल, तो डीजे वेगळा. डीजेने छातीत धडधडतं, आपल्या ढोलाने उलट अंगावर काटा येतो. आईनेही मान डोलावली. ढोलाचा नाही होत हो, डीजेचाच होतो.

हे अगदी माघ मेळ्याच्या पेपरातलं वाक्य आहे! कल्पवाशांना भजनाचा कर्णा चालत होता आणि सिनेमाच्या गाण्याचा नाही, इथे ढोल चालतो आणि डीजे नाही. गंमत म्हणजे डीजेसमोर नाचणाऱ्या पोरांना विचारलं तर ते ढोलवाल्यांना नावं ठेवतील. आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत. आधी मला वाटायचं की ही हट्टाची, अभिमानाची भाषा आहे. अलाहाबादवाल्यांनी दाखवलंय ते असं की त्या मुलाला खरंच त्रास जाणवत नाही. बाकी कुठल्या आवाजाने त्याने कानावर हात ठेवले असते, लांब झाला असता, घरी गेला असता. दुखणं हा कानाचा वॉचमन आहे म्हणा, तो या आवाजाला ओळखीचा समजून आत सोडतो. मग पंधरा मिनिटांच्या जागी बारा तास.

म्हणजे शत्रूच्या आवाजापेक्षा आपला आवाज कानाला महाग पडतो, नुसता वेळेच्या हिशेबाने. हे त्या पेपरात कुठेही लिहिलेलं नाही, त्यांचा तो विषयच नव्हता. हे माझं आपलं.

पण म्हणून मी त्यांच्या कामावर चिडून बसले का, तर नाही, कारण त्याच मेळ्यातला दुसरा अभ्यास आहे जो मला नाकारता येत नाही. श्रुती तिवारी आणि बाकीच्यांचा, २०१२ चा. ४१६ कल्पवासी आणि त्यांच्यासारखेच पण मेळ्याला न गेलेले १२७ जण घेतले, मेळ्याच्या महिनाभर आधी गावात जाऊन विचारलं तब्येत कशी आहे, मन कसं आहे, आणि मेळा संपल्यावर महिन्याने पुन्हा जाऊन विचारलं. आता तुम्हीच बघा, कडाक्याची थंडी, बर्फासारखं पाणी, एकवेळ जेवण, गर्दी, गोंगाट, सार्वजनिक संडास, साथीचे आजार. डॉक्टरला विचारलं तर साठीच्या माणसाला असं महिनाभर राहू नका म्हणूनच सांगेल. आणि निकाल उलटा. गेलेल्यांना न गेलेल्यांच्या तुलनेत आधीपेक्षा बरं वाटत होतं, आणि तेही घरी परतून महिना झाल्यावर. त्यांच्या टीमने पुढे यावर बरंच लिहिलं, की आजूबाजूची अनोळखी माणसं ‘आपली’ वाटणं, कुणीतरी चहा पुढे करणं, हात धरून पाण्यातून वर काढणं, आणि जसं जगायचं मनात होतं तसं एक महिना जगायला मिळणं, यातून ते येतं. थंडीवरही एक वेगळा पेपर आहे, त्यात तर थंडी सोसणं हाच कल्पवासाचा भाग आहे, थंडी नसती तर त्याला काय अर्थ, असा लोकांचा सूर.

माझी आत्या वारी करते. आळंदीहून निघते, दिवे घाट चढते, पंढरपूर गाठते, पावसात भिजून, मोकळ्या रानात झोपून, पखवाज आणि टाळांच्या मधोमध. परत आली की पायाला भेगा, आवाज बसलेला, वजन उतरलेलं आणि तोंडावर असं तेज की पुढचे दोन-तीन महिने बीपीची गोळी डॉक्टर कमी करतील की काय असं वाटावं. तिच्या कानाजवळ टाळ वाजतात त्याचा मी एकदा विषय काढला, तर म्हणाली अगं तो नाद बंद झाला की मगच पाय दुखायला लागतात. यावर काय बोलणार? माझ्याकडे ऑडिओमीटर आहे, पायदुखीचं मशीन नाही.

पण एक प्रश्न मेळ्यातल्या मेळ्यात सुटत नाही. तिथे कल्पवासी सगळे स्वखुशीने आलेले, त्यांचा सगळ्यांचा आवाज एकच. गल्ली म्हणजे मेळा नाही ना. गल्लीत बारावीची मुलगी असते, नुकतं बाळंतपण झालेली असते, कॅन्सरचा पेशंट असतो, नाइट शिफ्ट करून झोपलेला असतो, देव न मानणारा असतो, दुसऱ्या देवाचा असतो. त्या सगळ्यांच्या कानात जाणारी क्लिप तीच, फक्त त्यावरचं लेबल ‘शहराचा रस्ता’ असं असतं. कायद्यात राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, २००० सालच्या नियमात, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. पण कुणी तक्रार केली की आकड्यांवर बोलणं होतच नाही, दुसऱ्या मिनिटाला विषय येतो तो म्हणजे तुम्हाला सणाचं वावडं आहे का, आणि मग अमक्यांच्या वेळी कुठे गेला होतात. मला वाटायचं लोक मुद्दाम विषय भरकटवतात. आता वाटतं की ते त्यांच्या परीने मुद्द्याचंच बोलतात, ज्याला हा आवाज दुखतो तो आपला नाही, हे त्यांना आतून पटलेलं असतं. डेसिबल मीटर दाखवून हा वाद कधीच कुणी जिंकलेलं मी बघितलं नाही.

आवाजाचं सोडा, गर्दीचंही हेच. हजला ११९४ यात्रेकरूंवर झालेला एक अभ्यास आहे, अलनाबुलसी आणि ड्र्युरी यांचा, २०१४ चा. गर्दी दाट होत गेली तसं ज्यांना ती गर्दी परकी वाटत होती त्यांना असुरक्षित वाटायला लागलं, आणि ज्यांना आपली वाटत होती त्यांना उलट जास्त सुरक्षित. सुंदर गोष्ट आहे, वाचताना बरं वाटतं. पण चौरस मीटरमागे सहा-सात माणसं झाली की कोण आपलं कोण परकं याला काही अर्थ उरत नाही, मग छाती दाबली जाते. २०२५ च्या जानेवारीत मौनी अमावास्येला त्याच संगमावर सरकारी आकड्यानेच किमान ३० माणसं गेली. आणि आमच्या नाशिकला २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर काय झालं ते पंचवटीतल्या कुणालाही विचारा, तीसहून जास्त माणसं चेंगरली तेव्हा. सुरक्षित वाटणं वेगळं खातं आहे आणि सुरक्षित असणं वेगळं.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. शहरात रस्ते खणलेत, पुलांची कामं, साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांवरून वाद झाला, सीसीटीव्ही किती, बस किती, यावर मीटिंगांवर मीटिंगा. आवाजावर कुणी बोलताना मला तरी दिसलं नाही. माझी इच्छा विचाराल तर कुठल्या तरी युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी अलाहाबादसारखं इथे येऊन बसावं, गोदाकाठी, साधुग्रामात, क्लिप आणि स्टॉपवॉच घेऊन, आणि आम्हा कानवाल्यांना बरोबर घ्यावं. त्यांनी विचारायचं कसं वाटतंय. आम्ही त्याच माणसाचा आधी आणि नंतर ऑडिओग्राम काढायचा. एकाच माणसाच्या दोन्ही गोष्टी एका कागदावर असं मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. विशेषतः बंदोबस्तावरचे पोलीस, कर्ण्याच्या खांबाखाली बारा-बारा तास उभे असतात, त्यांच्यासाठी तो आवाज मेळ्याचा की रस्त्याचा? आणि फुगे विकणारा, आणि सफाई कामगार. ह्यांना तिथे राहावंच लागतं, आवडो न आवडो.

त्या ढोलवाल्या मुलाचं म्हणाल तर त्याला मी ढोल सोड म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी सोडला नसता. फोमचे इअरप्लग दिले, कापसाचे बोळे नाहीत, कापसाने जवळजवळ काही अडत नाही. प्लग आधी बोटात वळून बारीक करायचा, कान वरच्या टोकाला धरून वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, हे त्याच्याकडून माझ्यासमोर करून घेतलं कारण नव्वद टक्के लोक तो नुसता टेकवतात. तो म्हणाला ताल कळणार नाही. म्हटलं जाड ठोका हाडातूनही कळतो, एकदा लावून तर बघ. महिन्याने त्याचा फोन आला, पथकातल्या आणखी काही जणांना पाहिजेत, किती रुपये डझन पडतील. ताशावाल्यांना मात्र नकोयत म्हणे.